दशरथदादाचं डॉटनेटशी भांडण

कॉम्प्युटरवर चिडला की आमचा दशरथदादा पायातली चप्पल काढून हातात घ्यायचा. मारायचा नाही, नुसती धरून बसायचा. "समजंल त्याला," म्हणायचा.

पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात आम्ही तिघं होतो. दादा, वनिताताई आणि मी. तीन कंपन्यांचा माल यायचा आणि प्रत्येक पेटीची नोंद त्या त्या कंपनीच्या वेबसाइटवर करावी लागायची. एका पेटीला एक फॉर्म. सबमिट दाबलं की पान फिरत बसायचं, आणि भरलेलं सगळं पुसून पुन्हा लॉगिन मागायचं. घरून येताना कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये आधीच तापलेला दादा तिथं पेटायचा.

शेवटी रागारागानं त्यानं फॉर्म आपोआप भरून पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायला घेतली. तिन्ही साइट वेगवेगळ्या तंत्रात बांधलेल्या होत्या. पीएचपीची साइट लगेच वठणीवर आली. "गरीब गाय हाय ती," तो म्हणाला. जेएसपीवाली लॉगिनच्या वेळी दिलेली कुकी, म्हणजे ओळखीची खूण, दरवेळी परत मागायची. "सासरा हाय हा. वळख दाखवल्याबिगर घरात घेत न्हाय." त्यालाही त्यानं नमवलं.

राहिली तिसरी, डॉटनेटची. तिच्या प्रत्येक पानात एक लांबलचक अगम्य ओळ लपलेली असायची. ती उचलून जशीच्या तशी परत पाठवली नाही, तर फॉर्म नामंजूर. ही साइट वनिताताई हातानं भरायची. ती दिघाशीकडच्या पाड्यावरून यायची आणि घरात पगार तिचा एकटीचाच होता.

एकदा शेठनी येऊन दादाला सांगितलं की तिसरी साइटपण बसव, म्हणजे एक माणूस कमी करता येईल. वनिताताई समोरच बसली होती. शेठनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर दादाचा संताप आवरेना. रोज शेठच्या केबिनच्या दारात उभा राहून तो डॉटनेटच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ती ओळ दरवेळी बदलते, हे कुणाच्या बापाला जमणार नाही, असं ओरडायचा. कंटाळून शेठनी विषय सोडून दिला.

मग वनिताताईचा मुलगा तापानं फणफणला आणि ती काही दिवस आली नाही. तिचं काम उरकावं म्हणून मी डॉटनेटची साइट उघडली, तर सगळ्या नोंदी झालेल्या. यादी पुन्हा उघडली, तर आणखी नव्या पडलेल्या. दादा शेजारी चहा पीत होता. हे कधीपासून चालतंय, असं मी विचारलं. शेठ बोलले त्याच्या आदल्याच दिवशी या साइटची स्क्रिप्ट जमली होती, तो म्हणाला, आणि उसळला.

"कुठं बोललीस तर बघ. त्या साइटची मस्ती जिरवायला लिवलंय मी ते. कुणाच्या पोटावर पाय द्यायला न्हाय."

वनिताताई परतली ती घाबरतच. कामाचा ढीग साचला असेल असं तिला वाटत होतं. दादानं तुटकपणे सांगितलं की मीच हातानं भरलंय सगळं, बस आता जागेवर.

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "एवढं एकट्यानं? जेवलास तरी का मधी, दादा?"

कशेळीच्या तीन मजली घरात दादा एकटाच राहायचा. जेवलास का, असं त्याला कुणी विचारत नसावं. त्यानं चिडायला तोंड उघडलं. मग मान खाली घालून तो कितीतरी वेळ कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला.