जंगल काढा, मग बोला

नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र घ्यायचं तर ते कुठून घ्यावं, याचा निर्णय दाक्षायणीबाईंनीच घ्यायचा, हे घरात कुणाला बोलून दाखवावंही लागलं नाही. साड्या, जावई आणि गॅसची शेगडी त्यांनीच पारखून आणली होती. त्यांची शाळा दुसरीपर्यंत झाली होती. तिसरीत जायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मास्तरांनीही आग्रह धरला नाही.

प्रमाणपत्र हवं होतं नातीला. काव्या बी.एस्सी. झालेली. सांगोल्याकडच्या एका संवर्धन कक्षात जागा निघाली होती, पण प्रमाणपत्राशिवाय तिथं मुलाखतीला उभं करत नव्हते. शिवाय पोरीला एक वाईट खोड होती. तिला हे खरंच शिकायचं होतं. डाळिंबाच्या बागेखालची माती दरसाल पातळ का होत जाते, ते तिला समजून घ्यायचं होतं. नोकरी लागली नाही तर दुधनीचं स्थळ तयारच होतं. मुलगा अडतीच्या दुकानात बसायचा आणि माती या विषयावर त्याचं काहीही मत नव्हतं.

पहिल्या संस्थेत एसी होता. दाक्षायणीबाईंनी दारातूनच गारवा घेतला आणि मागं वळल्या. "चल. ह्या गारव्याचं पैसं आपल्याच पदरातनं जाणार."

दुसरी संस्था मोबाइलमध्ये होती. "हात लावून बघता येत न्हाय ते मी घेत न्हाय," असं म्हणून त्यांनी मोबाइल पालथा घातला.

तिसरी नवी पेठेत, चादरींच्या दुकानावरच्या माळ्यावर. भूमाता हरित संवर्धन अकादमी. पंखा बंद, दिवा बंद, खुर्ची एक. त्या खुर्चीवर संचालक गुरुशांत सर.

"पंखा लावा की वो."

"साधनांची बचत, आजी. आम्ही शिकवतो तेच पाळतो."

"आनि मास्तर किती हायत?"

"शिक्षक हीसुद्धा मर्यादित साधनसंपत्ती आहे. आम्ही ती वापरून संपवत नाही."

दाक्षायणीबाईंना माणूस आवडला. इतक्या थंड डोक्यानं बोलणारा दुकानदार आता नवी पेठेत राहिला नव्हता. मग सरांनी फी सांगितली आणि बाई हसल्या. हे हसू पेठेत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ते ऐकलं की कापडवाले उलगडलेला तागा निमूट गुंडाळायला घेत.

"काव्या, ऊठ."

"बसा, बसा! आजी, विषय बघा की केवढे आहेत. माती, पाणी, जंगल, वन्यप्राणी, खनिजं, हवा."

"सोलापुरात जंगल हाय कुटं?"

"तसं... नाही."

"मग जे न्हाय त्येचं पैसं कशाचं? जंगल काढा, मग बोला."

सरांनी पेन उघडून जंगल काढलं. जंगल गेल्यावर वन्यप्राणी राहणार कुठं, हा शास्त्रीय प्रश्न होता. तेही गेले. खनिजं जमिनीखाली असतात, तिथं बघायला कोण जातंय, म्हणून ती गेली. हवा फुकट मिळते, तिला दाम लावणं बाईंना पाप वाटलं. पाण्याशी मात्र सरांनी जरा झुंज दिली.

"नळाला पानी कवा येतंय ते देवाला ठावं न्हाय," बाई म्हणाल्या, "आनि तुमी आमाला शिकवणार?"

पाणी गेलं.

"अव्वा," काव्या हळूच म्हणाली, "माती तरी राहू दे."

आजीला ती अव्वा म्हणायची, आणि या सुरात अव्वा म्हटलं की अव्वा विरघळायची. दाक्षायणीबाई थबकल्या. गिऱ्हाईक थबकलं की दुकानदार चढतो, आणि सर चढलेच. "मातीला मागणी लई, आजी. माती ठेवली की प्रात्यक्षिक आलं. प्रात्यक्षिक म्हणजे जीप."

"जीप!" बाई उसळल्या. "मातीसाठी जीप? काढा ती!"

"मग सर," काव्यानं विचारलं, "तुम्ही शिकवणार काय?"

"संवर्धन."

"कशाचं?"

"ते आता अभ्यासक्रमात नाही."

फी उतरवून घेऊन, वर एक कापडी पिशवी मिळवून दाक्षायणीबाई जिना उतरल्या.

प्रमाणपत्र वेळेत आलं. नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन (माती, पाणी, जंगल, वन्यप्राणी, खनिजे व हवा वगळून). श्रेणी: उत्कृष्ट.

"हे बघून मला कोण उभं करणार, अव्वा? दुधनीलाच पाठव," काव्या रडकुंडीला आली.

"गप गं. वस्तू सस्तात मिळाली म्हनून कुनी रडतंय व्हय?" अव्वा म्हणाली. पण मुलाखतीच्या दिवशी ती स्वतः बरोबर गेली आणि साहेबांच्या दाराशी पदर मुठीत धरून बसली.

शिवलिंगप्पा साहेबांनी प्रमाणपत्र वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. शेजारच्या साहेबांना दाखवलं.

"साहेब," काव्या घाईनं म्हणाली, "मातीचं माझं मी वाचलंय..."

"हे इथं बोललात, बाहेर बोलू नका!" साहेब दचकले. "आधीचा गडी माती शिकून आलेला. आम्ही बांधलेला तलाव बघायला थेट जागेवर गेला. आता जागेवर गेलं की तलाव सापडत नाही, हे काय सांगायला लागतं? सगळ्या फायली अडकल्या. तेव्हापासून आम्ही असाच उमेदवार शोधतोय." त्यांनी 'वगळून' या शब्दावर प्रेमानं बोट ठेवलं. "तुम्ही इथंच बसायचं. लावलेली झाडं जगली, असं लिहायचं. उन्हात जायचं नाही."

काव्याला नोकरी लागली. दुधनीचं स्थळ टळलं. तिच्या टेबलाशेजारी खिडकी होती, पण एसीची हवा वाया जाऊ नये म्हणून ती कायमची बंद केलेली. पहिल्या दिवशी घरी आल्यावर पोरगी जेवली, आणि मातीची पुस्तकं तिनं पलंगाखाली सारली. माती शिकायची राहिली ती राहिलीच.

दाक्षायणीबाईंनी पेढे वाटले. शेजारची चांदबी सगळा किस्सा ऐकून पोट धरून हसली. "या अल्ला! जंगल बी काढ्या, पानी बी काढ्या!" डोळे पुसले, पेढा तोंडात टाकला, आणि मग बाईंच्या कानाशी वाकली. "वो सब छोड गे. फीस कित्ती लगी?"

बाईंनी कानात सांगितली. दुसऱ्या दिवशी चांदबी नातवाचा हात धरून माळ्याचा जिना चढली.

तुम्हीही हसलात, हसा की. पण पोरीची माती काढली तेव्हा तुम्ही थांबला नाहीत, सरळ पुढं वाचत गेलात. आता मात्र फी नेमकी किती ते कुठं लिहिलंय म्हणून मागं जाऊन शोधताय.