कर्णिककाकांची दाद

आमच्या शेजारचे कर्णिककाका सीडीला टाळ्या वाजवतात. चेष्टा नाही. दर रविवारी सकाळी, सिंगापुरात, पुंगोलमधल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी उभं राहून. समोर बसलेल्यानंही उठायचं. मी पहिल्यांदा बसून राहिले, तर म्हणाले, "गुडघे दुखतात का गं?"

सीडी एकच. कुणी एक पियानोवाला, सोबत सोळा-सतरा वादकांचा ताफा, आणि इथल्याच एका सभागृहात लोकांसमोर रेकॉर्ड केलेला जॅझ. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना जॅझ पंगतीसारखा समजतो. "हे ट्रम्पेटवाले बघ, कसे आग्रहाने वाढतायत! आणि पियानोवाला यजमान. स्वतः कमी जेवतो, पण कुणाचं पान रिकामं राहू देत नाही." मधेच बोट वर जातं. "आता गप्प!" ताफा थांबतो, पियानो एकटाच हळूहळू वाजू लागतो, काका डोळे मिटतात. तेवढ्यात चहावर फुंकर घातलेलीही त्यांना खपत नाही.

"आजोबा, सो लाउड लाह!" नात आतून इथल्या इंग्रजीत ओरडते. त्यांचा मुलगा निखिल सीडी लागली रे लागली की भाजीची पिशवी घेऊन पळतो. "बाबा, हेडफोन लावा ना," तो दारातून म्हणतो.

"हेडफोन लावून कुणी मैफलीला जातं का?"

गेल्या महिन्यात घर आवरताना निखिलने प्लेअर आणि सीडी टाकायला काढली. तोच अल्बम आता फोनवर नव्याने आला होता, श्रोत्यांचा गलबला काढून टाकलेला. काकांनी थोडा ऐकला आणि लाल झाले.

"माणसं पुसून टाकली यांनी!"

"साउंड किती क्लीन आहे, बाबा."

"दवाखाना क्लीन असतो! हे टाकायचं असेल तर आधी मला टाका."

मला निखिलचंच पटत होतं आणि तसं मी बोलूनही गेले. काकांनी खोक्यातून प्लेअर काढला, सीडी लावली. निखिल वैतागून तिथेच उभा राहिला. ताफा थांबला, पियानो उरला, बोट वर गेलं. आणि त्या चिडीचूप सभागृहात एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "वा! क्या बात है!"

मी हे आधीही ऐकलं होतं. कुणीतरी आगाऊ बाई, म्हणून मनात हसलेही होते.

निखिलच्या हातातलं खोकं खाली आलं. "आई?"

कर्णिककाकूंना मी कधी पाहिलं नाही. आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या.

"शास्त्रीय गाण्याची सवय तिला. आवडलं की दाद द्यायची," काका म्हणाले. "सगळं सभागृह वळून बघायला लागलं. कुणीतरी शू केलं. मग हिने काय करावं? थांब, ऐक."

"वा!" काकू म्हणाल्या. आधीपेक्षा मोठ्यांदा.

काका खुदकन हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. "एवढाच आवाज उरलाय रे तिचा," ते म्हणाले. "आणि शेवटच्या टाळ्यांमध्ये तिच्याही आहेत."

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा काकांच्या आधी निखिल उभा राहिला.