पोकळ हाय!

आमचे शेजारी शमशुचाचा कलिंगड आणि माणूस एकाच पद्धतीने तपासतात. आधी टकटक, मग कान. ते नळयोजनेवर वॉल्व्हमन होते. रिटायर झाले, पण पाणी सोडायची लांब लोखंडी चावी काही हातातून सुटली नाही. चालताना तिने जमीन ठोकतात आणि निकाल देतात, "पोकळ हाय!" सरपंचांच्या सत्काराचं स्टेज ठोकूनही तेच म्हणाले. सरपंचांनी ते मनाला लावून घेतलं.

चाची गेल्यापासून त्या निजायच्या त्या लोखंडी कॉटवर बसायची कुणाची टाप नाही. पाहुण्यांना सतरंजी, स्वतः जमिनीवर. अख्खं गाव त्यावर हसायचं. मीही हसायचो.

यंदा एसटी स्टँडसमोरचा नवा रस्ता ठोकून चाचा थबकले आणि मला म्हणाले,

"मास्तर, हितं जुनी हीर हुती. कचऱ्यानं बुजवली. आता पाइप गळतोय, पानी माती घिऊन हिरीत उतरतंय. वर नुसती डांबराची साय ऱ्हायली. खड्डा वरून पडतो, भगदाड खालून."

ते अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेले. क्लार्क म्हणाला, "चाचा, खड्डा पडल्याचा अर्ज घेतो. पडनार असल्याचा नमुना न्हाई आपल्याकडं."

"पडल्यावर अर्ज द्यायला मी वर ऱ्हायला पायजे ना!"

मग त्यांनी तिथं चार दगड मांडले. लोकांनी ते संध्याकाळपर्यंत हलवले. शाळेच्या पोरी नेमक्या तिथंच एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर चाचांची कॉट! थोडं अलीकडं चावी घेऊन चाचा. बसू नका म्हणायचीही गरज पडली नाही. पोरी लांब सरकल्या, सरपंचांची गाडीसुद्धा वळसा घालून गेली. मी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांची करमणूक झाली.

पाचव्या दिवशी ऐन शाळेच्या वेळेला धप्पकन आवाज झाला आणि रस्ता कॉटसकट आत गेला. पोरी चार हात लांब उभ्या होत्या. आत डोकावलो तर तळ दिसेना. मला त्या फोटोची भयंकर लाज वाटली.

सरपंचांनी तासाभरात शाल मागवली, कडेपासून सुरक्षित अंतर ठेवून भाषण केलं आणि जाहीर केलं, "चाचांना गावातर्फे नवी कॉट!"

टाळ्या पडल्या. चाचा अजून त्या भगदाडातच बघत होते.

"नव्या कॉटवर ती कुठं निजली हुती, सरपंच?"