गुंड्याचा पुढारी

कुत्रं शिकवायला अशी काय मोठी अक्कल लागते? हा प्रश्न मी त्र्याण्णव साली जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात, सेक्रेटरी हौसेरावांच्या तोंडावर विचारला होता. आज कोणी पैज लावली तरी विचारणार नाही.

गुंड्या हा आमच्या बाबांचा कुत्रा. समोरच्या बांधकामाच्या रेतीतून त्यांनीच ते पिल्लू उचलून आणलं आणि वर्षभरात स्वतः गेले. तेव्हापासून आई दुपारी गुंड्याशीच बोलायची. संध्याकाळी भाजी कोणती करावी हेही त्यालाच विचारायची. चावणं-बिवणं गुंड्याला ठाऊक नव्हतं. त्याला माणसांचं प्रेम जरा जास्त होतं, एवढंच. जिन्यात दिसेल त्याच्या अंगावर तो उडी मारायचा. हौसेरावांच्या पांढऱ्या पँटवर दोन चिखलाचे पंजे उमटले आणि नोटीस आली. महिन्याभरात कुत्र्याचं वर्तन सुधारावं, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करावी. आई दोन दिवस धड जेवली नाही.

"महिना कशाला? पंधरा दिवसांत लाइनीत आणतो," मी हौसेरावांना म्हणालो.

"आणा की. महिन्यानं रविवारी मी स्वतः बघायला येतो," ते म्हणाले.

माझ्या या रुबाबामागे ऑफिसातल्या प्रसादने दिलेले अकरा झेरॉक्स कागद होते. त्यात कुत्र्यांचं सगळं शास्त्र होतं. कुत्रा म्हणजे लांडगा, घर म्हणजे टोळी आणि टोळीला पुढारी एकच. पुढारी आधी जेवतो. पुढारी दारातून आधी बाहेर पडतो. कुत्र्याने आगाऊपणा केला तर पुढारी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पोटातून गुरगुरतो.

"कुत्रा उड्या मारतो म्हणजे तो स्वतःला या घराचा पुढारी समजतो," मी बायकोला, वैशालीला, वाचून दाखवलं.

"अच्छा, गुंड्या होय? मला इतकी वर्षं वाटत होतं, आई आहेत," ती कणीक मळता मळता म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढारी झालो. गुंड्याच्या भांड्यात पोळी पडण्याआधी मी त्याच्यासमोर उभा राहून एक ग्लुकोज बिस्किट सावकाश खायचो. दार उघडलं की त्याच्याआधी बाहेर झेप घ्यायचो. अशा एका झेपेत मी गॅसवाल्याच्या सिलिंडरवर आदळलो. गुरगुरण्याचा सराव बाथरूममध्ये दार लावून करायचो. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांनी वाटीभर ओवा पाठवला आणि पोट कसं आहे विचारलं.

गुंड्याला हे सगळं फार आवडलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्याशी खेळतोय असं त्याला वाटलं असावं. मी गुरगुरलो की तो आनंदाने दुप्पट उंच उडी मारायचा.

पण सानपाडा गावातून आमच्याकडे भांडी घासायला येणारी गोजरा दारात आली की हाच कुत्रा चारी पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचा. एकदा मी तिला हटकलं.

"तुझ्यापुढे कसा काय बसतो गं हा?"

"बसला तं भाकर देते. उरी मारली तं पाठ फिरवते."

"ते ठीक आहे. पण टोळीत तुझं स्थान काय?"

"मी भांडी घासतंय, सायेब."

तिची पद्धत शास्त्राला धरून नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ती हो म्हणाली आणि गुंड्याला भाकरीचा तुकडा दिला.

महिना संपला. हौसेराव यायचे तो रविवार नेमका पितृपक्षातला, बाबांच्या तिथीचा निघाला. वडे, खीर, भोपळ्याची भाजी असं पान वाढून आईने ते गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नव्हतं. टाकीवर एक कावळा बसलेलाही होता. आम्ही हात जोडून उभे राहिलो.

तेवढ्यात जिन्यातून गुंड्या वर आला, त्याच्यामागून गोजरा आणि तिच्यामागून हौसेराव. गुंड्याने वड्याचा वास घेतला. मग पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शास्त्रातला निर्णायक क्षण हाच! त्याने आधी खाल्लं तर तो पुढारी, आणि पुढारी म्हटल्यावर हौसेराव त्याला बाहेर काढणार. मी झेप घेतली, पानावर ओणवा झालो, गुंड्याच्या डोळ्यांत डोळे घालून गुरगुरलो आणि एक अख्खा वडा तोंडात कोंबला.

"अरविंदा! बाबांचं पान रे ते!" आई ओरडली.

वडा गरम होता, त्यामुळे गुरगुरणं मधेच थांबवता येईना. गोजरा हळूच म्हणाली, "गुंड्या, बस." गुंड्या बसला. हौसेराव एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिले.

कावळा टाकीवरून हलेना. आईचे डोळे भरून आले. "ह्यांची काहीतरी इच्छा राहिलीय. शब्द दे त्यांना," ती म्हणाली.

मी कसाबसा वडा गिळला. "बाबा, तुमच्या गुंड्याला कुठेही पाठवणार नाही."

"असं परस्पर सांगता येणार नाही. ते कमिटी ठरवेल," हौसेराव म्हणाले.

कावळ्याने मान फिरवली.

"पुढारीपण सोडतो म्हणा," मागून वैशाली म्हणाली.

मला शास्त्राचं वाईट वाटलं, पण आईचा चेहरा बघवेना. "बाबा, सोडलं," मी म्हणालो. "यापुढे गुरगुरणार नाही. गोजरा सांगेल तसं वागेन."

शब्द तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, कावळा खाली उतरला आणि उरलेला वडा घेऊन गेला. आईने डोळे पुसले. हौसेरावांनीसुद्धा नकळत हात जोडले. कावळ्याच्या विरुद्ध जायची त्यांचीही छाती नव्हती.

सोमवारी बोर्डावर नोटीस लागली. 'फ्लॅट नंबर सातमधील कुत्र्याचे वर्तन समाधानकारक आढळले. त्यास राहण्यास हरकत नाही. सदर फ्लॅटमधील सभासदाने मात्र स्वतःच्या वर्तनात सुधारणा करावी. मुदत एक महिना.'