बत्तीस कॉलरी आणि भिंगरी

माझ्या हाताखालून गेलेला कपडा आजवर कुणालाही टोचलेला नाही! हे मी नाही म्हणत, गिऱ्हाइकं म्हणायची. म्हणजे, मी विचारलं की म्हणायची. चौतीस वर्षं शिवणकाम केलं. रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या माणसाची नुसती पाठ बघून मी त्याच्या कॉलरचं माप सांगत असे. अशा माणसाला देवाने मुलगी दिली ती कशी? तर जिला कपडाच टोचतो!

तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. तेव्हा सहा वर्षांची होती, पण एका जागी सहा मिनिटं बसल्याचं आठवत नाही. जेवताना दोन घास टेबलाशी, तिसरा खिडकीत, चौथा माझ्या मशीनखाली. मिक्सर लावला की कानांवर हात आणि किंकाळी. मोज्याची शिवण बोटांवर आली की मोजा आणि बूट दोन्ही खिडकीतून खाली! खालच्या काकूंच्या कुंड्यांत आमचा एक तरी बूट उगवलेला असायचाच. डॉक्टरांनी समजावलं होतं, "हा हट्ट नाही. आपल्याला जे नुसतं लागतं ना, ते हिला चावतं." नातेवाइकांना मात्र हे पटत नसे. "दोन रट्टे द्या, सरळ होईल," हा सल्ला येता-जाता फुकट मिळायचा. मी चिडायचो, आणि खरं सांगायचं तर घाबरायचोही. आता ती एकतीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते. आणि मला तिची ती घरभर चाललेली धावाधाव इतकी आठवते की काय सांगू!

तर, दोन शाळांनी हात टेकले होते. तिसऱ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "गाण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी ती तासभर खुर्चीवर बसली, तर ठेवू. नाही बसली, तर आमचाही नाइलाज आहे."

"बाई, निश्चिंत राहा!" मी छाती फुगवून म्हणालो. कारण माझ्या डोक्यात योजना तयार होती. गाणाऱ्या बत्तीस मुलांचे शर्ट माझ्याकडेच शिवायला होते. एकच कापड, एकच रंग. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कॉलरला आतून नावाचं लेबल. भिंगरीचा तेहतिसावा शर्ट मात्र मी उलटा शिवला. शिवणी सगळ्या बाहेर, लेबल नाहीच, आणि आतून कापड लोण्यासारखं!

कार्यक्रमाच्या सकाळी तिने तो घातला, दोनदा मान फिरवली आणि म्हणाली, "हा चावत नाही." मी बायकोकडे असं पाहिलं, जणू विमानाचा शोध मीच लावलाय!

"बाकीच्यांचे चावतात?" भिंगरीने विचारलं.

"त्यांना लेबल आहे ना!" मी तोऱ्यात म्हणालो आणि दाढी करायला गेलो.

दाढी झाली, अंघोळ झाली. घर चिडीचूप.

"अहो, ऐकलंत का?" बायको कुजबुजली.

"काय?"

"काहीच नाही! मघापासून बसलीय ती. एका जागी!"

"मग बघायला जाऊ नकोस. नजर लागेल!"

आम्ही दोघांनी निवांत चहा घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा गरम! मग मी शर्ट बांधायला आत गेलो.

भिंगरी मांडी घालून बसली होती. हातात माझं टाके उसवायचं हत्यार, भोवती दोऱ्यांचे तुकडे, समोर बत्तीस कॉलरी. एकीलाही लेबल नाही!

"आता कुणालाच चावणार नाही," ती खूश होऊन म्हणाली. एकेक टाका इतका नीट उसवला होता, की कापडावर ओरखडा नव्हता. पण कौतुक सुचायला डोकं जागेवर लागतं!

"लेबलं कुठायत?" मी ओरडलो. तिने कानांवर हात घेतले. मी खिडकीकडे पाहिलं. उघडी! झालं, बूट गेले त्याच वाटेने लेबलं गेली! मी बनियनवरच खाली धावलो आणि कुंड्या उपसायला लागलो.

"आज बूट नाही पडला हो!" काकू ओरडल्या.

"बूट नाही, नावं शोधतोय! बत्तीस मुलांची!"

काकूंनी दार लावून घेतलं. मी कचऱ्याचा डबा पालथा केला. एक लेबल सापडलं, पण ते जॅमच्या बाटलीचं निघालं.

शाळेत पोचलो तेव्हा सभागृह भरलं होतं. मागच्या खोलीत भिंगरीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. "इथून हलायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही!"

"बाबा, पण खि..."

"गप्प!"

मापं माझ्या डोळ्यांत आहेत, या भरवशावर मी शर्ट वाटायला घेतले. एका उंच मुलाची बेंबी बाहेर राहिली. एका चिमुरडीच्या बाह्या गुडघ्यापर्यंत पोचल्या.

"काका, हा माझा नाही."

"तुझाच आहे! तू वाढलायस."

"मागच्या आठवड्यापासून?"

उंचीप्रमाणे रांग लावली. रांग मोडली. दोन मुलं एकाच शर्टात शिरली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होतो. पळताना पाण्याचा जग सांडला, त्यावरून मीच घसरलो. बाहेर लोक टाळ्या पिटून घाई करत होते.

"बाबा, खिशा..."

"एकदा सांगितलं ना!"

असा तास गेला. शेवटी एका पोराने रुमालासाठी खिशात हात घातला आणि घडी केलेली पट्टी बाहेर काढली. "काका, यावर माझ्या मित्राचं नाव आहे."

मी दुसरा खिसा बघितला, तिसरा बघितला. ज्या शर्टाचं लेबल त्याच शर्टाच्या खिशात, नीट घडी घालून! मी भिंगरीकडे वळलो.

"आता बोलू?" तिने हळूच विचारलं. "नाव हरवलं असतं ना, म्हणून ठेवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. "चुकलो गं," म्हणालो. तिने माझ्या डोक्यावर थापटलं.

पाच मिनिटांत बत्तीस शर्ट बत्तीस अंगांवर गेले. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. हातात घड्याळ! मी हात जोडले.

"बाई, तिला आणखी एक संधी द्या..."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "एवढ्या गोंधळात ती तास उलटून गेला तरी खुर्चीवरून उठली नाही. मी दारातून बघत होते. आमच्याकडेच राहील ती." मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओली विजार, उलटसुलट लावलेली बटणं, कानाला अडकलेला मापाचा टेप. "मास्तर, तुमचं मात्र कठीण दिसतंय. एवढ्या वेळात तुम्ही एका जागी एक मिनिटही टिकला नाहीत!"

मी हसण्यावारी नेलं. बायकोने नेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने डॉक्टरांकडे दोन नंबर लावले.