डोंगर झाडणारे आप्पा

आमच्या गावात लोक अंगण झाडतात, ओटा झाडतात. सुकलाल आप्पा डोंगर झाडतात. थापा मारत नाही. शिमगा जवळ आला की हा सत्तरीचा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळतो, खराटा खांद्यावर टाकतो आणि उजाडताच हिवराच्या टेकडीकडे निघतो. टेकडीवर आहे काय? दगड, वाळलेलं कुसळी गवत, खैर, हिवर आणि काटे. असं म्हणायला गेलं की आप्पा बोट ओलं करून हवेत धरतात आणि आपल्यालाच विचारतात, "वारा कोनता शे?"

तोरणमाळच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी माझं किराणा दुकान. माझं आणि आप्पांचं वाजतं ते काडीपेटीवरून. उन्हाळाभर ते माझ्या पायरीवर बसतात आणि काडीपेटी घेणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "चूल शे का बिडी?" चूल म्हटलं तर सुटका. बिडी म्हटलं की तिथेच बसवून ओढायला लावतात आणि थोटूक स्वतःच्या वहाणेखाली चिरडतात. माझे जावई आले होते, त्यांनी थट्टेनं "अगरबत्ती" सांगितलं. आप्पा त्यांच्या मागोमाग देवळात गेले आणि ती विझेपर्यंत उठले नाहीत. माझं डोकं असं सणकलं की चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ते पायरीवर होतेच.

बरं, माणूस वेडा म्हणावा तर बोलणं शहाण्यासारखं. आयुष्यभर जंगलात रोजंदारी केलेली; वाळलं गवत-पाचोळा झाडून मोकळे पट्टे काढायचे, म्हणजे आग तिथंच अडते, हे तिथलंच शिकलेलं. वणवा लागला तर जुने खैर-हिवर वाचतात, त्यांची साल जाड; पण गवतातली बोटभर रोपं जळून जातात, आणि पुढच्या पावसात दगडांवरची माती वाहून जाते, हे त्यांनी मला पायरीवर बसून किती वेळा ऐकवलंय. शेवट ठरलेला. "मोठं झाड मरत नही, भाऊ. त्यान्हा पोरं मरतस."

टेकडीच्या पायथ्याला मोहाची सात झाडं आहेत. चैत्रात पहाटे फुलं पडतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून वरच्या पाड्यातल्या बाया आधी पाचोळा पेटवून जमीन मोकळी करायच्या. ती आग गवतात शिरली की चढावर धावत सुटते. आप्पा कुणावर ओरडले नाहीत. बाया यायच्या आत त्यांनी झाडाखालचं सगळं लख्ख झाडून ठेवायला सुरुवात केली. "कशाले जाळतस? मी झाडी ठेवेल शे." काड्या आपोआप कमरेलाच राहिल्या.

यंदा ऐन मोहाच्या दिवसांत आप्पा तापानं आडवे झाले. दोन दिवसांत झाडाखाली घोटाभर पाचोळा साठला. मी बघायला गेलो तर हा माणूस थरथरत खराटा शोधत होता. मी त्यांना झापलं, खाटेवर निजवलं, आणि तोंडातून निघून गेलं की उद्या मी झाडतो. आली का पंचाईत! आमच्या दुकानातला केर बायको काढते.

पहाटे गेलो. सहा झाडं झाडता झाडता कंबरेचा काटा ढिला झाला. बाया आल्या, मला बघून पदराआड हसल्या, पण काडी कुणी ओढली नाही. सातवं झाड जरा लांब, धोंड्यांच्या आड. तिकडे एकही बाई फिरकली नाही, म्हणून मीही फिरकलो नाही.

आप्पांना तसं सांगितलं. म्हटलं, तिथं कुणी येतच नाही, पेटवणार कोण?

आप्पा कोपरावर टेकून अर्धवट उठले. मग म्हणाले, "तठे आग मीच लायी व्हती."

प्रत्येक मोह एकेका घराचा असतो, दुसरं कुणी त्याची फुलं वेचत नाही. सातवा मोह आप्पांच्या घरचा, म्हणजे त्यांच्या जमनाबाईंचा. त्यांचे गुडघे दुखायचे; वाकून पाचोळा सारायला नको म्हणून एका पहाटे आप्पांनीच तो पेटवला. वारा फिरला. सगळी टेकडी गेली.

"तिनी एक शबद काढा नही. दुसरा दिन खराटा लिसन निंघनी."

मग मरेपर्यंत, म्हणजे माझं दुकान इथं यायच्या आधीपर्यंत, त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी जमनाबाई टेकडी झाडत राहिल्या. खराटा त्यांचा. आप्पांनी तो फक्त पुढे चालवला. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी या माणसाला काडीपेटीवरून बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी मी आधी सातवं झाड झाडलं. खाली टपटप फुलं पडली होती, वेचायला कुणी नाही. ओंजळभर रुमालात बांधून नेली आणि आप्पांच्या उशाशी ठेवली. त्यांनी रुमाल नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"बुंधाजवय झाडी काढं ना? तठे पान चाले नही तिले."

मी हो म्हणालो, दुकान उघडायला निघालो, आणि अर्ध्या वाटेवरून परत टेकडीकडे वळलो. बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात दोन मुठी पानं राहिली होती. खराटा पोचत नव्हता, म्हणून खाली बसून हातानं काढली.