शांततेची निवड प्रक्रिया

खरेदी शाखेत एकतीस वर्षं काढून एक अधिकारी निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीच्या छातीत धडधडू लागलं. या दोन घटनांमध्ये काही संबंध असल्याची नोंद त्या वेळी कोणी घेतली नाही.

अधिकाऱ्यांना रिकामं बसण्याची सवय नव्हती. सकाळी उठल्यापासून ते घराची पाहणी करत. भाजी आधी धुऊन मग चिरली, की आधी चिरून मग धुतली? कुंड्यांना पाणी घालण्याचा क्रम कोणी ठरवला? पुसायचं फडकं पुसून झाल्यावर नेमकं कुठे जातं? बाई गेली पस्तीस वर्षं हे घर चालवत होत्या. पण आपल्या एकाही निर्णयाचं समाधानकारक कारण त्यांना देता येईना.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत होतं. गोळ्या न देता त्यांनी बाईंना रोज दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. जमत नसेल तर मोबाईलवर नवशिक्यांसाठी ध्यानाची ॲप असतात, त्यातलं एखादं घ्यावं, असंही सुचवलं. अधिकाऱ्यांनी वही काढून विचारलं, "कोणतं?"

"कोणतंही चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

हे वाक्य अधिकाऱ्यांनी एकतीस वर्षांत कोणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते अस्वस्थ होते. उद्या काही कमीजास्त झालं तर सही कोणाची, असं त्यांनी बाईंना वाटेत दोनदा विचारलं. शेवटी दाराशी चपला काढताना ते म्हणाले, "तू यात पडू नकोस. मी रीतसर निवडून देतो. तोवर परस्पर शांत बसायला लागू नकोस."

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली गेली. एकंदर एकेचाळीस ॲप विचारार्थ आली. लेकीने फोनवर, आपण वापरतो ते ॲप चांगलं असल्याचं सांगितलं. नातेवाइकाची शिफारस म्हणून ते तिथेच बाद झालं. उरलेल्या चाळिसांची चाचणी अधिकारी स्वतः घेऊ लागले. सकाळी दहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा ते कानांवर हेडफोन चढवून खुर्चीत डोळे मिटून बसत आणि मग शेरे लिहीत. एका ॲपमधला झरा त्यांना गळक्या नळासारखा वाटला. दुसरं ॲप म्हणालं, सगळं सोडून द्या. त्यावर शेरा पडला, 'कोणाच्या ताब्यात द्यावे याचा उल्लेख नाही.' तिसरं म्हणालं, विचार येतील, येऊ द्या. 'आवक आहे, जावक नाही,' असं लिहून अधिकाऱ्यांनी तेही नामंजूर केलं.

पहिल्या दिवशी दहा वाजता बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि कोणी काही विचारलं नाही. त्यांनी वाट पाहिली. मुद्दाम कांदा आडवा चिरला. तरी नाही. मग त्या बाल्कनीत स्टूल नेऊन बसल्या. डोळे मिटले नाहीत, श्वास मोजले नाहीत. समोरच्या इमारतीवर एक रंगारी भिंत रंगवत होता, त्याच्याकडे बघत राहिल्या. आठव्या दिवशी धडधड थांबली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

एकोणिसावं ॲप चालू असताना खालच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर वर्तमानपत्र मागायला आले आणि फाइल वाचत बसले. त्यांनी आक्षेप काढला. ॲप नवशिक्यांसाठी हवं आहे; परीक्षकाने मात्र अठरा ॲप ऐकली आहेत; सबब तो आता नवशिका राहिलेला नाही आणि त्याचे पुढचे शेरे ग्राह्य धरता येत नाहीत. अधिकाऱ्यांचा चेहरा पडला, कारण आक्षेप बिनतोड होता.

तोडगा ऑडिटरांनीच काढला. ते स्वतः परीक्षक व्हायला तयार झाले. नवशिकेपणाचा पुरावा हवा होता, तो त्यांच्या पत्नीने दिला. 'सदर गृहस्थ लग्नापासून आजतागायत एक मिनिटही शांत बसलेले नाहीत,' असं लिहून तिने आनंदाने सही केली. पण नऊ ॲपनंतर ऑडिटरही सराईत झाले. मग तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर आले, त्यांच्यानंतर एक वकील, मग आणखी तिघे. जुने परीक्षक निरीक्षक म्हणून कायम राहत, त्यामुळे महिन्याभरात इमारतीच्या सभागृहात सात पुरुष हेडफोन लावून ओळीने बसू लागले. प्रत्येकाच्या घरून प्रमाणपत्र न मागता येत होतं.

इमारतीत आता कुकरची शिट्टी चार मजले ऐकू जाई. दुपारी बायका गच्चीत जमत आणि फारसं बोलत नसत. डॉक्टरांकडचे चार नेहमीचे रुग्ण येईनासे झाले.

तीन महिन्यांनी बाईंची तपासणी झाली. नाडी घड्याळासारखी चालत होती. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, कोणतं ॲप घेतलंत? निवड अंतिम टप्प्यात आहे, असं अधिकारी म्हणाले. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीवरचा तक्ता वाचू लागल्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'आहे तसंच चालू ठेवा.'

अधिकाऱ्यांना मात्र हे लागलं. मंजुरीआधीच रुग्ण बरा होणं म्हणजे शाखेची नाचक्की होती. त्यांनी चार दिवसांत अहवाल पुरा केला, सातही जणांच्या सह्या घेतल्या आणि निवडलेलं ॲप टाकून मोबाईल बाईंच्या हाती सोपवला. समिती बरखास्त झाली. सात पुरुष आपापल्या घरी परतले.

बाईंनी हेडफोन लावले. अधिकारी शेजारी खुर्ची ओढून बसले. श्वास चार अंकांचा आहे, तू तीनवरच सोडलास, असं त्यांनी खांद्याला हात लावून सांगितलं. थोड्या वेळाने पाठ सरळ करायला लावली. त्यानंतर, शांत वाटू लागलं का, असं दर दोन मिनिटांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी धडधड परत आली. चौथ्या दिवशी ऑडिटरांची पत्नी कपाळाला रुमाल बांधून वर आली आणि बाईंसमोर बसून राहिली.

त्या संध्याकाळी बाईंनी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. निवडलेलं ॲप 'शांत व्हा' असं म्हणतं. परंतु नेमकं कोणी शांत व्हावं, हे त्यात स्पष्ट नाही. शिवाय मधल्या काळात बाजारात साठ नवी ॲप आली असून त्यांना संधी नाकारली गेली आहे. सबब संपूर्ण प्रक्रिया रद्द करून ती नव्याने, सर्व सदस्यांसह राबवण्यात यावी.

अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. त्यांचे डोळे पाणावले.

"इतका चोख आक्षेप मी शाखेतही पाहिला नाही," ते म्हणाले. "कोणी लिहून दिला?"

"कोणी नाही. पस्तीस वर्षं ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सभागृह पुन्हा भरलं. ते काम अजून चालू आहे आणि ते लांबत राहावं म्हणून बाया आळीपाळीने अर्ज देत असतात.

वाचकहो, ही हकीकत वाचताना तुमची पाच-सहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात तुम्ही घरात कोणाला काही विचारलं नाहीत, सुचवलं नाहीत, कोणाचं काही दुरुस्त केलं नाहीत. आता मान वर करताना जरा बेताने करा. आत कोणीतरी नुकतंच शांत बसलं असेल.